दारावरचा मोजा

त्या बुधवारी सकाळी आईच्या मनगटावर निळा वळ होता, आणि तरी ती हसत होती.

"दाराला धडकले," ती म्हणाली. "आपल्या घरातली दारं मारकुटी आहेत. तुला काय लहानपणापासून ठाऊक नाही?"

लेक लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिली. नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन पोरांसह ती माहेरी आली, त्याला वर्ष होत आलं होतं. मागच्या खोलीत बसून ती दूरच्या शहरातल्या एका साहेबाची व्हर्च्युअल असिस्टंट म्हणून काम करायची. त्याच्या भेटी ठरवायच्या, पत्रांना उत्तरं द्यायची, मीटिंगमध्ये गुपचूप बसून टिपणं काढायची. साहेबाला तिने प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं, पण त्याची दाढदुखी तिला पाठ होती.

"आज पुन्हा दातांच्या डॉक्टरची वेळ बदलायची?" आई म्हणाली. "बाई गं, त्या माणसाला दात तरी किती आहेत?"

"दात बत्तीसच. भीती मात्र चौसष्टांची."

दोघी खळखळून हसल्या. सोफ्यावरून बाबांनी मान वळवली आणि हसू तिथल्या तिथे विरलं.

मीटिंगच्या आधी दाराच्या मुठीला धाकट्याचा लाल मोजा अडकवायचा, ही आईचीच युक्ती. मोजा दिसला की घरात कुणी आवाज करायचा नाही. सहा वर्षांच्या थोरलीला तो खेळ वाटे. ओठांवर बोट ठेवून ती चवड्यांवर चाले. तिचं बघून दोन वर्षांचा धाकटा, भोपळ्या, बोट नाकात घाले. मोजा असताना आईच्या तोंडून ब्र निघत नसे. आणि जन्मात कुणाचं न ऐकलेले बाबाही मोजा पाळत. मोजा असला की खोलीतून कुणी बाहेर येत नाही आणि बायको ओरडत नाही, हे त्यांच्या फार लवकर ध्यानात आलं होतं.

गुरुवारी अकराच्या मीटिंगला बाहेर टीव्ही मोठ्याने चालला होता.

"आवाज जरा कमी करता का?" आई हलकेच म्हणाली. "मोजा आहे."

टीव्ही कमी झाला नाही. बंद झाला.

मारण्याआधी बाबा टीव्ही बंद करतात, हे लेक शाळेत असल्यापासून जाणून होती. लाकडी स्टूल फरशीवरून खरखरत उचललं गेलं. पहिला फटका ओल्या गोणपाटावर बसावा तसा वाजला. दुसरा तसाच. तिसऱ्यात हाडाचा आवाज होता. आई एकदाही ओरडली नाही.

लेकीचे पाय दाराकडे गेले नाहीत. बोट गेलं, माईक बंद करायला.

"काही पडलं का तिकडे?" साहेबाने विचारलं.

तिने माईक सुरू केला. "मुलं आहेत, सर. खेळताहेत." हे ती हसून म्हणाली. मग अठरा मिनिटं टिपणं काढली. नंतर तपासली तेव्हा त्यांत एकही चूक नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवी होती. कानामागून निघालेलं रक्त फ्रिजखाली गेलं होतं. बाबा हात धूत होते.

"वरचा डबा काढायला चढली. घसरली," ते म्हणाले.

टेबलाखाली थोरली बसली होती. भोपळ्याचं तोंड तिने दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं होतं. पोर निळं पडत आलं होतं, तरी ती सोडेना. मोजा अजून मुठीवर होता.

पोलीस आले, तेव्हा लेकीने कानावर हात ठेवले. हेडफोन होते, काही ऐकू आलं नाही, असं म्हणाली. बाबांकडे न बघता म्हणाली.

आई गेल्याच्या आठव्या दिवशी तपास अधिकारी बाई जबाबावर सही घ्यायला पुन्हा आल्या. बाबांनी स्वतः त्यांना खुर्ची पुसून दिली. मग ते सोफ्यावर बसले. भोपळ्या बाबांच्या मांडीवर होता आणि त्यांचा पंजा त्याच्या मानेवर.

"आता पोरांना मीच बघेन," ते म्हणाले. "हिचं काम बंद पडायला नको. काय गं?"

"तू तेव्हा इथेच होतीस ना?" बाईंनी थोरलीला विचारलं. "काय झालं, बाळा?"

थोरलीने आजोबांकडे पाहिलं. मग मागच्या दाराकडे. आठ दिवसांत मोजा काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. पोरीने ओठांवर बोट ठेवलं.

लेक उठली. तिने मोजा काढून मुठीत घेतला, मग बाबांच्या मांडीवरून भोपळ्याला ओढून घेतलं.

"बस खाली," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांचा हात रिमोटकडे गेला होता.

ती उभीच राहिली.

"मी एक कान उघडा ठेवते," ती बाईंना म्हणाली. "रोज. पोरांसाठी. त्या दिवशीही होता. यांनी टीव्ही बंद केला, तेव्हाच मला कळलं. स्टूल उचललेलं ऐकलं. तीन फटके ऐकले. यांनी माझ्या आईला मारलं." तिने भोपळ्याला वर उचलून घेतलं. "आणि मी दार उघडलं नाही. माईक बंद केला."