दंडातला चुगलखोर

हेन्रीकाकांच्या दंडात, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर शंभर दिवस नांदत होता. त्यातलं साखर ओळखणारं एन्झाइम भारी नाजूक. अबोलीने याआधी बनवलेल्या प्रत्येक सेन्सरमधलं ते महिन्याभरात मरायचं आणि आकडे वेडेवाकडे नाचायला लागायचे. आज पवईच्या लॅबमध्ये शंभराव्या दिवसाची तपासणी होती. मोबाइलवर साखर आली दोनशे छत्तीस!

"वाट लागली!" अबोलीने कपाळावर हात मारला. "काका, सकाळपासून काही गोड खाल्लंत?"

"देवाशपथ नाही गं पोरी! नुसता कोरा चहा."

म्हणजे एन्झाइम गेलं, पाच वर्षं पाण्यात. तरी नियम म्हणून तिने काकांच्या बोटातून थेंबभर रक्त काढून तपासलं. दोनशे एकोणचाळीस!

"हेन्री!" शेजारी बसलेली त्यांची बायको मार्सेलिना कडाडली. "डब्यातल्या गोड न्यूऱ्या किती खाल्ल्यास?"

"चार," काका पुटपुटले. "लहान होत्या गं."

"काकू, रागावू नका, दोन्ही आकडे जुळले, एन्झाइम जिवंत आहे!" अबोलीने मार्सेलिनाकाकूंचे हात धरून लॅबच्या मधोमध फुगडीच घातली. दुसऱ्या गिरकीला काकूंचा राग कुठच्या कुठे उडाला.

"अजून किती जगेल हा चुगलखोर?" काकांनी घाबरत विचारलं.

"वर्षभरसुद्धा!"

"जगू दे गं बाई," काकू धापा टाकत म्हणाल्या, "माझं आयुष्य लागो त्याला!"