चोवीस व्होल्टांचा कंट्रोलर

मित्रांनो, डोंगरकड्याच्या शिवारात एका बोअरजवळ पत्र्याच्या डब्यात राहतो तो मी, चोवीस व्होल्टांचा एक जुना कंट्रोलर. बॅटऱ्यांची वीज घ्यायची आणि पाण्यातल्या मोटरीला बेताबेताने द्यायची, हे माझं काम. नामाजी आणि सत्यभामाबाई या नवराबायकोच्या तीस शेळ्यांना मी सहा वर्षं पाणी पाजलं. सत्यभामाबाई माझ्यावरची धूळ पदराने पुसायची.

यंदाच्या मे महिन्यात घात झाला. माझ्याकडे बारा-बारा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या. त्यातली एक मेली. उरलेल्या एकीवर मोटर नुसती घुरघुरली, फिरली नाही. हौद कोरडा. बोअरमध्ये बादली जात नाही. दुपारी शेळ्या हौदाचा तळ चाटू लागल्या.

नामाजी धावत जाऊन शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरांच्या तीन बॅटऱ्या घेऊन आला. खरं तर एकच पुरली असती!

“आवं, मोटर दुरुस्तीवाले अल्लाबक्षभाई निघालेत. येऊ द्या की त्यांना,” सत्यभामाबाई कळवळली.

“तवर जनावरं मरतील! चारी जोडतो. पाणी जोरात येईल.”

आकडा माझ्या अंगावरच छापलेला होता. त्याने पाहिला नाही, आणि मला ओरडता येत नाही. चार बॅटऱ्यांचे मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट आत घुसले. फाटकन काहीतरी फुटलं, धूर निघाला. हौदात थेंब पडला नाही. नामाजी डोक्याला हात लावून खाली बसला.

सत्यभामाबाई घागर घेऊन गावाकडे पळाली. ती परतली तेव्हा कबरी ही गाभण शेळी आडवी पडली होती. तिने ओंजळ कबरीच्या तोंडाला लावली. पाणी ओठांवरून ओघळून गेलं.

अल्लाबक्षभाई तासाभराने आले. त्यांनी माझा जळका भाग बदलला, दोनच बॅटऱ्या जोडल्या, मीटर लावून पाहिलं.

“नामाजी, मोटर चोवीसची, हे यंत्र चोवीसचं. बाराला मोटर फिरत न्हाई, अठ्ठेचाळीसला हे जळतं. चोवीसच बराबर.”

“माझ्याच हातानं झालं, भाई,” नामाजी म्हणाला. पाणी सुरू झालं. शेळ्या हौदावर तुटून पडल्या. तो मात्र कबरीजवळून उठला नाही.

मित्रांनो, घाई सगळ्यांनाच असते. तरी वीज जोडण्याआधी यंत्रावरचा आकडा वाचा. कमी नको, जास्तही नको. मला नवा भाग मिळाला. कबरीच्या पोटातल्या पिलाला काहीच मिळालं नाही.