चतुर्थीचा रोग

मासळीच्या कारखान्यात परदेशी माणसं वाढली, तेव्हा आमच्या गावाचा अध्यक्ष केटिल यानं त्यांच्यासाठी आइसलँडिकचा वर्ग काढला. शिकवायला ओडनीबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, व्याकरणातून नव्हे.

पहिल्या संध्याकाळी पुढच्या बाकावर पोलंडचा काझिक आणि थायलंडची सोमजाय बसली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि इंग्रजीही नाही. केटिल उद्घाटनाला उभा राहिला. छाती काढून म्हणाला, "मेर लाउंगार! मला फार इच्छा आहे, की इथं प्रत्येकानं शुद्ध भाषा बोलावी."

"मिग," ओडनीबाई म्हणाल्या.

"काय?"

"मिग लाउंगार. इथं द्वितीया लागते. तू चतुर्थी लावलीस. शाळेतही लावायचास. बस खाली."

दोन्हींचा अर्थ 'मला' एवढाच. पण नको तिथं चतुर्थी लावणं हा आमच्याकडे रोगच समजतात, आणि अध्यक्षाला तो जडलाय हे परक्यांसमोर जाहीर झालं होतं. केटिल लालबुंद झाला.

"बाई, माझी आई 'मेर'च म्हणायची!"

"म्हणजे घराण्यातलाच आहे तर."

झालं! पुढच्या वर्गाला केटिलचे भाऊबंद तावातावानं हजर झाले. बाईंच्या बाजूनं चर्चच्या पाद्रीणबाई आल्या, शब्दकोश काखोटीला मारून. गावच्या गरम पाण्याच्या तलावावरही फूट पडली. एका कुंडात मिगवाले, दुसऱ्यात मेरवाले. पाद्रीणबाईंचा नवरा मेरवाला निघाला. कुठल्याच कुंडात जायची सोय न राहिल्यानं तो बिचारा थंडीत नुसता पोहत राहायचा.

वर्गात विद्यार्थ्यांनाच जागा उरली नाही. काझिक आणि सोमजाय बाहेर पडवीत, टांगलेल्या कोटांखाली कॉफी घेऊन बसू लागली. येत होते तेवढे शब्द, सगळे प्रथमेत.

"मी काझिक. मासा मोठा. तू थंड?"

"मी थंड नाही. काम थंड. मुकादम गाढव."

"मुकादम मोठा गाढव!"

दोघं पोट धरून हसायची. चुका काढायला कुणी नव्हतं, त्यामुळे भाषा भराभर येत गेली. आत मात्र हिवाळा सरला तरी गाडी पहिल्याच वाक्यात रुतलेली.

वसंतात एकदा ओडनीबाई कॉफीनं घसा शेकायला बाहेर आल्या, तर काझिक घामाघूम होऊन सोमजायला म्हणत होता, "मी... लग्न... तू."

बाईंना राहवेना. "'तू' नाही रे, 'थेर', म्हणजे तुझ्याशी! आइसलँडिकमध्ये लग्नाला चतुर्थी लागते. चतुर्थी लाव!"

आतून केटिल गरजला, "ऐकलंत? बाई स्वतःच म्हणतायत, चतुर्थी लावा!"

"अरे मठ्ठा, ते क्रियापद वेगळं!" बाई कॉफी सांडत आत धावल्या. टाळ्या, आरडाओरडा. पाद्रीणबाईंनी शब्दकोश टेबलावर आपटला.

काझिक घाबरून दाराकडं पाहत होता. त्याला वाटलं, लग्नाला गावाचा विरोध आहे.

"मी... चूक?" त्यानं विचारलं.

"बाई चूक. सगळा गाव चूक," सोमजाय म्हणाली. "तू बरोबर. मी, होय."

दोघांनी कोट चढवले आणि बंदराकडं निघून गेली. आत कुणाच्या लक्षातही आलं नाही.