क्लेमचा कौल

रोवेनाने दुसरा घड फडक्यात बांधला आणि ग्लासावर धरून पिळला. पिनो द्राक्षाची साल काळी, पण रस फिकट. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले तर डोळ्यांना काही फरक कळेना. तिला तेच हवं होतं. पहिल्या ग्लासात वरच्या, उन्हातल्या ओळीचा रस होता. दुसऱ्यात शेडमागच्या वेलाचा. तो वेल पाइनच्या सावलीत, दरवर्षी सगळ्यात शेवटी पिकणारा. तिने त्यात बोट बुडवून चाखलं आणि आंबटपणाने तिचा एक डोळा आपोआप मिटला.

काल तिने क्लेमला नुसते मणी देऊन पाहिले होते. त्याने ते चावले, बिया तळहातावर थुंकल्या, त्यांचा हिरवटपणा बघितला आणि म्हणाला, "हे सावलीतले ना?" उत्तर बरोबर होतं. पण ते त्याने जिभेने दिलं की डोळ्यांनी, हे तिला समजेना, आणि असलं काही अर्धवट राहिलं की रोवेनाला जेवण गोड लागत नसे. म्हणून आज बिया गाळून टाकल्या होत्या.

क्लेम तिचा थोरला भाऊ. वेल तिने वाढवायचे, वाइन त्याने करायची, आणि तोडणी कधी हे त्यानेच सांगायचं, अशी बापाच्या मागे दोघांची वाटणी झाली होती. ऑस्ट्रेलियाखालच्या टास्मानिया बेटाच्या या दक्षिण टोकाला ऊन हात राखून पडतं. एप्रिलमध्ये, म्हणजे इथल्या शरदात, गोडी रोज कणाकणाने वाढत असते आणि समुद्रावरून पाऊसही रोज जवळ येत असतो. लवकर तोडलं तर वाइन पाणचट, उशीर झाला तर मणी फुटून बुरशी. साखर मोजायला नळी होती, पण त्या नळीवर क्लेमचा काडीचा विश्वास नव्हता. तो ओळीतून चालत मणी खायचा आणि म्हणायचा, "तोडा." मग रोवेना म्हणायची, "थांबू या." दरवर्षी भांडण व्हायचं आणि दरवर्षी क्लेमच्या मनासारखं व्हायचं.

यंदा तो भांडलाच नव्हता. उलट आठवडाभर तोच विचारत होता, "तुला काय वाटतं, रो?" बेकरीतल्या खिमा भरलेल्या 'पाय'मध्ये मसाला जास्त पडतो म्हणून त्याने तिथल्या दोन पोरींना रडवलं होतं, हल्ली तो मुकाट्याने खाऊन आभार मानून यायचा. वयाने माणूस निवळला, असं म्हणून गाव खूश होतं. रोवेनाला मात्र चैन पडत नव्हतं. हा माणूस निवळणाऱ्यांतला नव्हे, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"क्लेम, इकडे ये जरा," तिने शेडच्या दारातून हाक मारली. "कुठला आधी तोडू ते सांग."

त्याने बूट झटकले, आत आला. पहिला ग्लास उजेडात धरला, हुंगला, घोट तोंडात घोळवला, थुंकला. दुसऱ्याचंही तसंच केलं. सगळं नेहमीच्या थाटात. आंबट घोटाने त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

"हा," दुसऱ्या ग्लासावर बोट ठेवून तो म्हणाला. "हा तयार आहे."

आपण जिंकलो की रोवेनाला नेहमी आनंद व्हायचा. आत्ता झाला नाही. तिने ग्लास उचलून रस मोरीत ओतला.

"कधीपासून, क्लेम?"

त्याने पिळलेलं फडकं उचलून खुंटीला अडकवलं.

"गेल्या जूनमधल्या तापापासून. आधी वाटलं, चव येईल परत."

"आणि वासही?"

"वासही. शेडला आग लागली तरी तूच सांगायला हवंस."

"मला बोलला नाहीस ते!"

"बोलून काय झालं असतं? बिचारा क्लेम, म्हणाली असतीस. मग मी इथे काय करायचं? पाखरांसाठी लावलेल्या जाळ्या धुवायच्या?" त्याचा आवाज चढला, आणि तो चढल्याचं तिला बरं वाटलं. "बिया चावल्या की अजून कळतं मला. कुरकुरतात की चिवट आहेत ते. तेवढ्यावर भागेल असं वाटलं होतं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. प्रूची गाडी होती. खोऱ्यातल्या सगळ्या मळ्यांवर तोडणीची माणसं तीच पुरवायची, आणि आज तिला उत्तर द्यायचं होतं. दोघं बाहेर आली. प्रूने काच खाली केली.

"काय म्हणतंय राजेसाहेबांचं तोंड? गुरुवार की पुढचा आठवडा? गुरुवारी नको असेल तर माणसं पलीकडच्या मळ्यावर देते. मागाहून माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

रोवेनाने समुद्राकडे पाहिलं. खाडीच्या तोंडाशी ढगांची पट्टी होती. वरच्या ओळीची चव अजून तिच्या जिभेवर होती: गोड, पण शेवटी जरा हिरवी. चार दिवस ऊन मिळालं तर ती हिरवी चव जाईल. पण देठापाशी साल मऊ पडायला लागली होती, आणि मऊ सालीवर पाऊस पडला की काय होतं हे तिने पाहिलेलं होतं. इतकी वर्षं "थांबू या" म्हणणं किती स्वस्त होतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं. क्लेम ऐकणार नाही, याची तिला खात्री असायची. आता तिने जे ठरवायचं, ते खरोखर होणार होतं.

तोडायला हवं, तिने ठरवलं. पण क्लेमचं गुपित राखायचं तर हे प्रूसमोर त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. ती "थांबू या" म्हणाली की तो सवयीने "तोडा" म्हणेल. तिने कमरेवर हात ठेवले.

"थांबू या," ती म्हणाली. "एवढी कसली घाई आहे?"

"बरं," क्लेम म्हणाला. "ती म्हणतेय तर थांबू या."

प्रूचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे गाढवा, तू नाही म्हणायचंस!"

"का म्हणून?"

"गुरुवारी तोडायचंय मला!"

"मग तसं सांग ना." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग तो गाडीकडे वळला. "प्रू, गेल्या जूनपासून मला कशाचीच चव लागत नाही. इथून पुढे तोडणीचं हिला विचारायचं."

प्रूने गाडी बंद केली.

"गुरुवार," रोवेना म्हणाली. "सगळी माणसं घेऊन ये."

गाडी गेल्यावर दोघं वरच्या ओळीपर्यंत चालत गेली. क्लेमने जाळी उचलून धरली. तिने एक मणी तोडून तोंडात टाकला, त्यानेही एक टाकला, आणि डोळे मिटून तो हळूहळू चावू लागला.

"सांग," तो म्हणाला.

"गोड आहे. म्हणजे... गोड."

"गोड तर बेकरीतली पोरगीही सांगेल. नीट सांग."

"आधी काळ्या चेरीसारखं. मग पावसात भिजलेल्या पाचोळ्यासारखं काहीतरी. हसू नकोस."

"हसत नाहीये मी." तो तिच्या तोंडाकडे अगदी जवळून बघत होता. "आणि बियांपाशी? बियांपाशी काय लागतंय, रो?"