दिवा हिरवाच होता

मी एक ठिपका बोलतोय. ऑफिसच्या भिंतीवर जो स्क्रीन आहे ना, त्याच्या कोपऱ्यातला. दिसायला ठिपका, पण माझ्यामागे चाळीस ओळींचा प्रोग्राम आहे. दर मिनिटाला मी वेबसाइटचं दार ठोठावतो आणि विचारतो, ‘आहेस का?’ ‘आहे’ म्हणाली की मी हिरवा, गप्प राहिली की लाल. एवढीच माझी अक्कल.

मला लिहिलं ताईंनी. हे ऑफिस नर्सिंगच्या प्रवेशाचे अर्ज घेतं आणि त्याची वेबसाइट ताई सांभाळतात. पूर्वी ती बंद पडली की सगळ्यात शेवटी ताईंनाच कळायचं आणि सगळ्यात आधी बोलणी त्यांनाच बसायची. शेवटी एका दुपारी डबा बाजूला सारून त्यांनी मला लिहून काढलं.

मग माझं प्रस्थ वाढलं. तक्रारीचा फोन आला की आधी माझ्याकडे बघायचं, अशी रीतच पडली. मी हिरवा असलो की फोन घेणारे काका निवांत सांगायचे, “आमच्याकडे चालू आहे, तुमचं इंटरनेट बघा.” पुढे पुढे तर ते बघायचेही नाहीत, नुसतं सांगायचे. साहेबांनी मुदतवाढीचा नियमही माझ्यावरच बांधला. माझ्या नोंदीत लाल असेल तर मुदत वाढणार, नाहीतर नाही. फुकटचा मोठेपणा कोणाला नको असतो? मलाही तो आवडला.

अर्जाचा शेवटचा दिवस होता. पाचला मुदत संपायची होती, आणि चारला ताईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा शाळेचा दाखला त्याच सकाळी हाती पडला होता.

“ताई, फॉर्म जातच नाहीये गं. शेवटचं बटण दाबलं की नुसतं गोल गोल फिरतंय.”

ताईंनी मान वर केली. मी हिरवा.

“साइट चालू आहे. तुझंच नेट गेलं असेल. शेजारी जाऊन बघ.”

“शेजारूनच करतेय.”

“मग काहीतरी चुकीचं भरलं असशील. तुझं नेहमीचंच आहे.”

पाच वाजले. धाकटीचा अर्ज राहिला.

साडेपाचला, आज किती अर्ज आले ते मोजायला ताईंनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. अर्ज साठवायची जागा दोनलाच भरून गेली होती. त्यानंतर एकही अर्ज आत आला नव्हता. वेबसाइट मला दारातून ‘आहे’ म्हणत होती आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. मी खोटं बोललो नाही. दारापलीकडचं विचारायला मला कोणी शिकवलंच नव्हतं. तरी ताईंचं मला वाईट वाटलं.

माझ्या नोंदी बदलणं म्हणजे ताईंच्या हातचा मळ. दोन ते पाच लाल करून टाकलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. त्यांनी नोंदींची फाइल उघडली, थोडा वेळ बघत बसल्या, आणि मिटली. मग साहेबांना पत्र लिहिलं की तपासणी अपुरी होती आणि ती आपणच लिहिली होती.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. “अर्जदारांत तुमचं कोणी आहे?”

“सख्खी बहीण. तेही लिहिलंय खाली.”

“दोन दिवस वाढवून देतो सगळ्यांना. पण तिचा अर्ज घेता येणार नाही. घरच्यासाठी मुदत वाढवली म्हणतील लोक.”

“तिची काय चूक, साहेब?”

“काहीच नाही.”

ताईंनी जागेवर येऊन फोन लावला. सगळं सांगितलं.

“म्हणजे पुढच्या वर्षी,” धाकटी म्हणाली.

“हो.”

“मी नीट भरत होते, एवढं तरी लिहिलंस का पत्रात?”

“पहिल्याच ओळीत लिहिलंय,” ताई म्हणाल्या, आणि पदराने नव्हे, सरळ पालथ्या हाताने डोळे पुसले.

आता मी दर पाच मिनिटांनी एक खोटा अर्ज शेवटपर्यंत भरून बघतो आणि मगच हिरवा होतो. काका अजूनही सवयीने माझ्याकडेच बघतात. बघा, माझी ना नाही. पण फोनवर जी मुलगी काही सांगतेय, तिचं आधी पूर्ण ऐकून घ्या. ती आत जायचा प्रयत्न करत असते, मी नाही.