ब्रेकची चकती आणि वरच्या झाडांचं तेल

मी एक जुनी ब्रेकची चकती आहे. मित्रांनो, लगेच तोंड पाडू नका. इंजिन किंवा निदान हॉर्न आपली कहाणी सांगायला आला असता तर तुम्ही सरसावून बसला असता, हे मला ठाऊक आहे. पण ती मंडळी अजून कामात आहेत. मोकळी मीच आहे.

माझा जन्म आगीत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर लेथवर गरगर फिरवून माझ्या दोन्ही बाजू लख्ख केल्या. त्याच ओतातून माझी जुळी बहीण जन्मली. आम्हा दोघींना एकाच गाडीच्या पुढच्या चाकांत बसवलं, मला डाव्या, तिला उजव्या. तेव्हापासून आम्ही एकदमच फिरलो, एकदमच तापलो, एकदमच थांबलो, आणि एकमेकींना कधी पाहिलं नाही. मध्ये इंजिन होतं. दोघींच्या मध्ये येण्याचं इंजिनाला कधीच काही वाटलं नाही.

आमची पांढरी गाडी अजलूनच्या डोंगरातल्या गावात आली, त्या दिवशी मेंढा कापला गेला. मालक तैसीरच्या आईनं, हज करून आलेल्या हज्जा फिद्दानं, नजर लागू नये म्हणून रक्ताचा पंजा बॉनेटवर उमटवला. कुणी इंजिन पाहून मान डोलावली, कुणी हॉर्न वाजवून पाहिला. मी चाकाच्या फटीतून वाट पाहत होते. माझ्यापर्यंत कुणी वाकलंच नाही. ‘गाडी काय पळते’ असं म्हणणारे मी पुष्कळ ऐकले. ‘गाडी काय थांबते’ असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आमच्या गावातून एक रस्ता खाली गोरच्या खोऱ्यात उतरतो. वर ओकची झाडं, मध्ये जैतून, म्हणजे ऑलिव्हची झाडं, अगदी खाली केळी. वर लोक कोट घालून गाडीत बसायचे, खाली पोचेपर्यंत कोट मांडीवर आलेले असायचे. त्या उतारावर मी काय पाहिलं ते सांगते. गाडीत तैसीर, त्याच्या जाडजूड आत्या, टपावर जैतुनाची पोती. सगळा डोंगर जणू मागून ढकलतोय. आणि चपलेतला एक साधा पाय पेडलवर पडायचा. त्या पायाचा निरोप एका बारीक नळीतून माझ्यापर्यंत यायचा, लोखंडी चिमट्यातले दोन पॅड मला दोन्ही बाजूंनी घट्ट धरायचे, आणि आत्यांसकट सगळं वळणाच्या अलीकडे निमूट थांबायचं.

एवढा वेग जायचा कुठे? तो माझ्यात यायचा. मी तापायचे, ती धग वाऱ्याला देऊन टाकायचे, आणि पुढच्या वळणाला पुन्हा तयार. दुसऱ्याची धाव आपल्या अंगावर घ्यायची आणि हवेत सोडून द्यायची, हे कसं घडतं याचं नवल मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. आत बसलेल्यांना मात्र काही वाटायचं नाही. ते केळ्यांच्या भावावर बोलत असायचे.

वर्षं गेली. पॅडांनी मला झिजवलं आणि मी पॅडांना. माझी कड उंच राहिली, अंग बारीक झालं. उतारावर मी किंचाळू लागले, स्टिअरिंग थरथरू लागलं. तैसीरनं ताबडतोब उपाय केला. त्यानं रेडिओचा आवाज वाढवला. मी जोरात किंचाळले की बातम्याही जोरात. त्या दोन वर्षांत सगळ्या डोंगराला जगाची खबर होती.

मग त्याची मुलगी रवंद हिला गोरमधल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. रोज सकाळी तो उतार ती एकटी उतरणार होती. हे ठरलं त्या संध्याकाळी तैसीर गाडीत बसला, गावाबाहेर जाऊन आला, आणि मित्रांनो, त्यानं रेडिओ लावला नाही. पूर्ण वेळ तो फक्त मला ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणी ऐकून घेतलं, आणि निकाल असा लागला की मला काढायचं.

शुक्रवारी, नमाज झाल्यावर, अंगणातच काम निघालं. जैतुनाच्या तोडणीचे दिवस, नवं तेल नुकतंच घाण्यावरून आलेलं. मागच्या चाकांना दगड लावले, नट आधी सैल केले, मग जॅक. रवंदनं बाह्या सरसावल्या.

“तू बस, मी करतो,” तैसीर म्हणाला.

“खाली उतरताना तुम्ही शेजारी असणार आहात का, बाबा?”

“नाही.”

“मग पाना द्या.”

कुंपणाच्या भिंतीवर हनुवटी टेकवून शेजारी अबू मिस्बाह उभा होता. त्याला ब्रेकमधलं काही कळत नव्हतं, म्हणून तो सल्ला देत होता. “चिमटा नळीवर लोंबकळू देऊ नका. माझ्या मेहुण्यानं लोंबकळू दिला होता.”

“मग काय झालं?” रवंदनं चिमटा तारेनं बांधत विचारलं.

“मेहुणा बरा आहे. गाडी नाही राहिली.”

मी गंजानं चिकटून बसले होते. हातोडीचे घाव बसले तेव्हा सुटले. तैसीरनं मला ओट्यावर ठेवलं, आणि थोड्या वेळानं माझ्या शेजारी अगदी माझ्यासारखी, तितकीच झिजलेली, तशीच किंचाळून दमलेली एक चकती आणून ठेवली. मी तिला पाहिलं. तिनं मला पाहिलं. सगळं आयुष्य जिच्यासोबत फिरले, तिचा चेहरा हा असा होता.

नव्या चकत्या बसल्या. कारखान्यातून येताना त्यांच्यावर गंजाविरुद्ध तेलाचा हात असतो. रवंदनं तो स्पिरिटनं पुसून काढला, बोटानं तपासला, पुन्हा पुसला. पॅड बसवायचे राहिले होते, तेवढ्यात जेवायची हाक आली आणि सगळे आत गेले.

अंगणात हज्जा फिद्दा आली. तिच्या हातात नव्या तेलाची वाटी होती. आमच्याकडे पहिलं तेल आलं की बरकतीचा हात सगळ्यांवर फिरतो. तिनं दाराच्या चौकटीला बोट लावलं, अंजिराच्या झाडाला लावलं. मग नव्या चकत्यांपुढे वाकली. वाकायला तिला फार वेळ लागला. तिनं एकेकीला दोन्ही बाजूंनी, लहान बाळाला चोळावं तसं तेल चोळलं आणि पुटपुटत राहिली, “माझ्या पोरीला सांभाळा गं.”

मी थरारून पाहत होते. इतक्या वर्षांत ब्रेकसमोर वाकणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. आणि त्याच क्षणी मला कळत होतं की आता ही गाडी थांबणार नाही. आम्ही धरून ठेवतो ते कोरड्या अंगानं. तेल लागलेल्या चकतीला पॅडांनी कितीही आवळलं तरी ती नुसती निसटते. मी ओरडले असते. पण मला ओरडायलाही फिरणारं चाक लागतं.

जेवून आल्यावर दोघांना चकत्या चकाकताना दिसल्या. नव्याच त्या, चकाकणारच. पॅड बसले, चाकं चढली. रवंदनं पेडल दाबदाबून पाहिलं. ते छान घट्ट लागलं. पेडलला काय ठाऊक.

पहिल्या फेरीला हज्जा तेलाची वाटी मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसली. तो तिचा मान. गल्ली उताराची, खाली मोठा रस्ता, त्यापलीकडे बुटका कठडा आणि मग थेट खालच्या शेतातल्या झाडांचे शेंडे. तैसीर गल्लीच्या खालच्या तोंडाशी मला हातात घेऊन अबू मिस्बाहला दाखवत उभा होता.

“ही तर अजून चालली असती,” अबू मिस्बाह म्हणाला.

“कड बघ तिची. भाकरी कापता येईल.”

गाडी हळूहळू उतरत आली. तैसीरनं थांबायची खूण केली. गाडी थांबली नाही. उघड्या खिडकीतून हज्जाचा शांत आवाज आला, “थांबव ना गं. तुझा बाप उभा आहे तिथं.”

“थांबवतेय, आजी.” रवंदचा आवाज पातळ झाला होता. तिनं हँडब्रेक ओढला. तोही म्हाताराच. गाडीनं थोडा विचार केला आणि सरकत राहिली.

 तैसीरनं मला चाकापुढे टाकलं. रबर माझ्यावर चढलं, मी मातीत रुतले, खालच्या दगडाला भिडले. चिमटा नाही, पॅड नाहीत, नळी नाही. सगळं वजन अंगावर आलं, नेहमीसारखं. आणि नेहमीसारखी गाडी थांबली.

 तैसीरनं चाक काढलं, चकतीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं. आमच्या गावातला माणूस तेल चाखून झाड सांगतो.

“हे आपल्या वरच्या झाडांचं तेल आहे,” तो म्हणाला.

“मग?” हज्जा गाडीतूनच म्हणाली. “माझ्या नातीला मी बाजारचं लावीन?”

अबू मिस्बाह घराकडे वळला. “थांबा, घरून रोटी आणतो.”

 तोवर म्हातारीनं वाटीकडे पाहिलं होतं, कठड्याकडे पाहिलं होतं, आणि हाताची बोटं ती ओढणीत लपवू लागली होती. रवंद उतरून तिच्या दाराशी खाली बसली, तिनं ते हात बाहेर काढले, आणि त्यांच्यापुढे आपलं कपाळ केलं. “आजी, इथं लाव. मी घसरत नाही.” हज्जानं लावलं.

शनिवारी नवे पॅड आले. तेल प्यालेले पॅड कितीही धुतले तरी कामाचे राहत नाहीत. चकत्या स्पिरिटनं धुतल्या. गाडी गल्लीत काढायच्या आधी रवंदनं सपाट अंगणात ब्रेक पुन्हा पुन्हा लावून पाहिला, आणि या वेळी वाटी घरात होती.

मी आता फाटकाशी असते. वारा सुटला की फाटक आपटू नये म्हणून मला त्याला लावून ठेवलंय. माझी बहीण फाटकाच्या दुसऱ्या दाराला आहे. मला ती दिसते. दर सकाळी रवंद निघाली की हज्जा येते, वाकते, आणि बरकतीचं बोट मला लावते. माझ्या अंगावर तेल चालतं. गंजही कमी येतो.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीचं काही किंचाळू लागलं तर रेडिओ बंद करा आणि ऐका. जी पळते तिचं कौतुक खुशाल करा, पण कधीतरी चाकाशी वाकून बघा.

संध्याकाळी डोंगर चढून गाडी येते. मी रोज कान देऊन ऐकते. किंचाळणं नाही, थरथर नाही. चाक माझ्यापासून वीतभर अलीकडे थांबतं, आणि रवंद खाली उतरते.

गाडी काय थांबते.