आधीचा फोटो

'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो छापून मलमं खपवणाऱ्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतीलच. त्यातली गोम अशी, की 'नंतर'चा फोटो आधी काढतात. सकाळी चेहरा ताजा असतो, रंगरंगोटी करता येते. मग तोंड धुवायला लावायचं, खालून भगभगीत दिवा मारायचा, की झाला 'आधी'चा! मलमाचं झाकणसुद्धा कुणी उघडत नाही. आपला फोटोग्राफर वीस वर्षं हेच करत आला होता आणि सुखाने झोपतही होता.

एकदा ठरलेली मुलगी आलीच नाही. मलमवाले साहेब बाहेर पाय आपटत होते. या शहाण्याने काय करावं? सोळा वर्षांच्या आपल्याच लेकीला बोलावून खुर्चीत बसवलं. पोरगी हरखून गेली. 'नंतर'चा फोटो झकास आला. मग ती तोंड धुऊन, केस मागे बांधून समोर बसली. खालचा दिवा लावायला त्याने हात पुढे केला, पण हात काही चालेना. पोटची पोर हो! तिला मुद्दाम कुरूप कशी करायची? त्याने दिवे बंद केले, खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि ती जशी होती तशीच टिपली. साहेब फोटो बघून म्हणाले, "वा, अगदी हवा तसा!" लेक तिथेच उभी होती. त्याला तर काम निभावल्याचाच आनंद.

महिन्याभरात बसथांब्यांवर तिचे दोन चेहरे शेजारी शेजारी झळकले. 'आधी'च्या डोक्यावर ठळक अक्षरं: 'असा चेहरा घेऊन किती दिवस जगणार?' ते वाक्य त्यालाही छापून आल्यावरच कळलं. पण साहेबांना जाब विचारायची हिंमत झाली नाही, हेही खरं. लेक हळूहळू मान खाली घालून चालू लागली. घरात बोलेनाशी झाली.

एका दुपारी ती आरशासमोर तेच मलम चोळताना दिसली. गाल सोलवटून लालबुंद झाले होते.

"अगं वेडे, काही नसतं गं त्यात! तो 'नंतर'चा फोटो सगळा खोटा. पावडर आणि दिवे! तुझ्यासमोरच तर केलं."

"माहितीये, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "पण आधीच्याला तू काहीच केलं नव्हतंस ना?"

केलं होतं गं, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. वीस वर्षं खोटं विकलेल्या माणसाला अजून एक खोटं काय जड होतं? पण ती त्याच्याकडेच बघत होती. तिने क्षणभर वाट पाहिली, मग आरशाकडे वळून दुसऱ्या गालाला मलम लावायला घेतलं.